दोन सेकंदांचा तुकडा, वीस वर्षांचा खटला

या महिन्यात तुमच्या पत्रांचा नि मेलचा नुसता पाऊस पडलाय आणि जवळपास सगळे एकाच विषयावर, सॅम्पलिंग. म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधला तुकडा उचलून आपल्या ट्रॅकमध्ये वापरणं. त्यामुळे मायक्रोफोनचे आणि मिक्सिंगचे प्रश्न पुढच्या अंकात, रागावू नका. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मी वकील नाही, स्टुडिओत बसणारा माणूस आहे, ज्यांचा ट्रॅक एखाद्या मोठ्या लेबलकडे चाललाय त्यांनी सही करण्याआधी कागद वकिलाला दाखवावेत.

प्रश्न : दादा, मी घरी लॅपटॉपवर हाऊस आणि टेक्नो बनवतो. आमच्या ग्रुपमधले सगळे छातीठोकपणे सांगतात की सहा सेकंदांच्या आत कुणाचंही गाणं घेतलं तर काही होत नाही. काही जण सात म्हणतात, एक जण तर पंधरा म्हणाला. नक्की किती चालतं?
— लूपवेडा

उत्तर : अरे, असा आकडाच नाहीये. सहा नाही, सात नाही, पंधरा तर अजिबात नाही. ही अफवा कुठून निघाली देव जाणे पण दर पिढीत कुणीतरी ती नव्याने सांगतंच.

आता कोर्टात काय काय झालंय ते बघ. अमेरिकेत २००५ साली एक निकाल लागला, ब्रिजपोर्ट नावाची कंपनी विरुद्ध डायमेन्शन फिल्म्स. फंकाडेलिक या फंक बँडच्या एका गाण्याच्या सुरुवातीला गिटारवर तीन सुरांची एक कॉर्ड आहे, दोन सेकंदांची, ती एनडब्ल्यूए या रॅप ग्रुपच्या ट्रॅकमध्ये घेतली होती, पिच म्हणजे सूर खाली आणला होता, लूप केली होती म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवत ठेवली होती, पाठीमागे कुठेतरी वाजते, मुद्दाम सांगितलं नाही तर लक्षातही येणार नाही. कोर्टाने सरळ सांगितलं, लायसन्स घ्या नाहीतर सॅम्पल करू नका. विषय संपला.

पण संपला नाही, कारण २०१६ मध्ये त्याच देशातल्या दुसऱ्या अपील कोर्टापुढे मॅडोनाच्या 'व्होग'चा मामला आला. ब्रास वाद्यांचा एक ठोका, ०.२३ सेकंदांचा, पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. हे कोर्ट म्हणालं की इतकं क्षुल्लक आहे की सर्वसाधारण ऐकणाऱ्याला कळणारही नाही, सबब उल्लंघन नाही, आणि २००५ चा निकाल आम्हाला मान्य नाही असंही स्पष्ट लिहिलं. म्हणजे एकाच देशात दोन कोर्टं, दोन उत्तरं, आणि तुझा ट्रॅक तर इंटरनेटवर एकाच वेळी सगळीकडे वाजणार.

युरोपातली गोष्ट आणखी लांबलचक. क्राफ्टवेर्क या जर्मन बँडच्या १९७७ च्या 'मेटाल आउफ मेटाल'मधला तालाचा साधारण दोन सेकंदांचा तुकडा मोझेस पेलहाम या निर्मात्याने १९९७ मध्ये एका रॅप गाण्याखाली लूप केला. खटला उभा राहिला, जर्मनीच्या खालच्या वरच्या सगळ्या कोर्टांत फिरला, घटना न्यायालयात गेला, तिथून फिरत फिरत युरोपियन युनियनच्या कोर्टात पोचला, आणि तिथला निकाल आला २०१९ मध्ये! त्यात दोन गोष्टी सांगितल्या. एक, तुकडा कितीही छोटा असला तरी रेकॉर्डिंगचा मालक तुला अडवू शकतो. दोन, तू तो इतका बदललास की नव्या ट्रॅकमध्ये कानाला ओळखूच येत नाही, तर मग ते उल्लंघन नाही. बरं, यानंतरही जर्मनीत वाद चालूच राहिला.

म्हणून ग्रुपमध्ये सांग, सेकंद मोजणं बंद करा. ऐकणाऱ्याला ओळखू येतंय का, आणि लायसन्सचा कागद आहे का, एवढंच विचारा. आणि 'ओळखू येत नाही' हे तू ठरवणार नाहीस, तुझ्याविरुद्ध उभा राहिलेला माणूस ठरवणार, हेही लक्षात असू दे.

प्रश्न : माझा मुलगा दिवसभर जुन्या रेकॉर्ड्समधून तुकडे कापून संगीत 'बनवतो'. मी स्वतः बारा वर्षं पेटी शिकले. मला हे दुसऱ्याचं कापून आपलं म्हणण्यासारखं वाटतं. यात कला कुठे आहे ते एकदा समजावून सांगाल का? टोमणा नाही, खरंच विचारतेय.
— एक आई

उत्तर : ताई, टोमणा असता तरी चाललं असतं, प्रश्न रास्त आहे आणि सॅम्पलिंगच्या नावाखाली निव्वळ आळस करणारे भरपूर आहेत हेही खरं. अख्खं धृपद उचलायचं, खाली एक किक ड्रम टाकायचा आणि नाव आपलं लावायचं, त्याला मीही कला म्हणणार नाही.

पण सुरुवातीपासून बघू. १९४८ मध्ये पॅरिसच्या रेडिओत पिएर शेफर नावाचा एक इंजिनिअर स्टेशनवर जाऊन रेल्वेगाड्यांचे आवाज रेकॉर्ड करतो, इंजिनं, शिट्ट्या, चाकांचा खडखडाट, आणि ते तुकडे जोडून, पुन्हा पुन्हा वाजवून त्याची रचना करतो. तोपर्यंत रेकॉर्डिंग म्हणजे संगीत झाल्यावर ते साठवायची जागा होती, शेफरने रेकॉर्डिंगलाच वाद्य केलं. आज तुमचा मुलगा जे करतोय त्याचं मूळ तिथे आहे.

मग मशीन्स आली. १९८७ चं एसपी-१२०० नावाचं सॅम्पलर घ्या, त्यात सगळे मिळून फक्त दहा सेकंद आवाज मावायचा. दहा सेकंदांत अख्खं गाणं उभं करायचं! मग पोरांनी युक्ती काढली, तेहतीसच्या स्पीडची रेकॉर्ड पंचेचाळीसवर पळवायची, तुकडा कमी वेळात भरतो, आत घ्यायचा, आणि मशीनमध्ये पिच पुन्हा खाली आणायचा. असं केलं की आवाजाला एक खरखर येते, कडा जरा तुटतात, कारण ते मशीन बारा बिटचं, म्हणजे आवाज जरा ढोबळ साठवणारं. ती खरखर खरं तर खोट होती पण लोकांना तीच आवडली, आणि आज स्वच्छ आवाज देणाऱ्या कॉम्प्युटरवर तीच खरखर आणायला लोक पैसे मोजून प्लगइन घेतात. जागेच्या तंगीतून एक अख्खी शैली निघाली, याला कला नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं.

आणि एक उदाहरण जवळून दाखवतो, कारण इथेच सगळं कळतं. १९६९ साली द विन्स्टन्स या बँडचं 'आमेन, ब्रदर' आलं, रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं गाणं, फार कुणी लक्ष दिलं नाही. मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि ग्रेगरी कोलमन एकटा ड्रम वाजवतो, चार बार म्हणजे तालाची चार आवर्तनं, सहा-सात सेकंद. पहिले दोन बार सरळ जातात. तिसऱ्यात स्नेअरचा, म्हणजे कडक आवाजाच्या ड्रमचा, एक ठोका तो जरासा उशिरा टाकतो, आणि चौथ्यात पहिली मात्राच रिकामी सोडतो, तिथे कान अडखळतो, आणि मग झांज अपेक्षेपेक्षा आधीच येऊन आदळते. तुम्ही पेटीच्या आहात म्हणजे समेला चुकवून येण्याची मजा तुम्हाला मी सांगायला नको.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या जंगल आणि ड्रम अँड बेसवाल्यांनी हे चार बार घेतले, वेग वाढवून एकशे साठच्या पुढे नेला, प्रत्येक ठोका सुटा केला आणि ते ठोके नव्या क्रमाने लावले. किक इथली, स्नेअर तिथली, एखादा ठोका उलटा, एखादा इतका घट्ट रिपीट केलेला की तो सूर वाटायला लागतो. कुठल्याही ड्रमरच्या हातून निघणार नाही असा ताल तयार झाला, तरी त्यात माणसाने वाजवल्याचा डौल शिल्लक राहिला. मूळ ठोके कोलमनचे, रचना पूर्णपणे दुसऱ्याची. मुलाला एकदा बसवून विचारा की मूळ रेकॉर्ड ऐकव आणि तुझं ऐकव. दोन्हींमध्ये अंतर किती पडलंय ते तुमच्या कानाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

आता दुसरी बाजू, जी मला कायम टोचते. हे चार बार हजारो ट्रॅक्समध्ये वाजले आणि कोलमनला त्यातून एक पैसाही मिळाला नाही, २००६ मध्ये तो बेघर अवस्थेत वारला. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर, त्याच्यासाठी २०१५ मध्ये चाहत्यांनी इंटरनेटवर वर्गणी काढली, सुमारे २४ हजार पौंड जमले, तेवढेच. म्हणजे कला आहे हो, नक्की आहे, पण ज्याच्या हातातून निघाली त्याला विसरून झालेली आहे. मुलाला हे पण सांगा.

प्रश्न : एका जुन्या गाण्याच्या सॅम्पलसाठी मी रेकॉर्ड कंपनीला रीतसर मेल केला. त्यांनी हो म्हणण्याची तयारी दाखवली पण म्हणाले की 'कॉम्पोझिशन'चं तुम्ही वेगळं बघा. एकाच गाण्याची परवानगी दोनदा कशी?
— गोंधळलेला बीटमेकर

उत्तर : कारण गाण्याचे सातबारे दोन असतात. एक रेकॉर्डिंगचा, ज्याला धंद्यात मास्टर म्हणतात, तो बहुतेक वेळा कंपनीकडे. दुसरा चाल आणि शब्दांचा, तो संगीतकार-गीतकाराकडे किंवा त्यांच्या पब्लिशरकडे. तू सॅम्पल घेतोस तेव्हा दोन्हींना हात लावतोस.

बीस्टी बॉइजनी जेम्स न्यूटन या बासरीवादकाची सहा सेकंदांची तीन सुरांची फ्रेज घेतली होती, रेकॉर्डिंगचं लायसन्स कंपनीकडून घेतलं, चालीचं घेतलं नाही. न्यूटन कोर्टात गेला आणि हरला, कारण कागदावर लिहिलेली चाल म्हणून ते तीन सूर फारच किरकोळ आहेत असं कोर्टाला वाटलं, त्याच्या फुंकीत जी खरी करामत होती ती रेकॉर्डिंगमध्ये होती आणि तिचं लायसन्स तर झालेलं होतं. बीस्टी बॉइज वाचले. प्रत्येक जण वाचत नाही. द व्हर्वचं १९९७ चं 'बिटर स्वीट सिम्फनी' बघ, रोलिंग स्टोन्सच्या गाण्याच्या ऑर्केस्ट्रावाल्या रेकॉर्डिंगचा तुकडा, रेकॉर्डिंगची परवानगी होती पण चालीची नव्हती, आणि गाणं सुपरहिट झाल्यावर त्याचं श्रेय आणि उत्पन्न जॅगर-रिचर्ड्सच्या बाजूला गेलं. शेवटी २०१९ मध्ये त्या दोघांनी स्वतःहून हक्क रिचर्ड अॅशक्रॉफ्टला परत दिले. तोवर बावीस वर्षं गेली होती.

आणि मागणारा खरा मालक आहे का, हेही तपासावं लागतं बरं का. 'आराधना'तल्या एका गाण्याचा जेमतेम सेकंदाचा आवाज अमेरिकन रॅप ट्रॅकमध्ये वापरला म्हणून सारेगामा कंपनीने त्या ट्रॅकचा निर्माता टिंबालँडवर दावा लावला होता. २०११ मध्ये अपील कोर्टाने तो फेटाळला, कारण जुन्या करारात कंपनीला हक्क फक्त दोन वर्षांपुरता मिळाला होता. म्हणजे दावा करणाऱ्यालाच आपला कागद नीट ठाऊक नव्हता, तिथे तुझी माझी काय कथा. उलट बाजूने, २००२ च्या 'अॅडिक्टिव्ह' या अमेरिकन गाण्यात लताबाईंच्या आवाजातला 'थोडा रेशम लगता है' सरळ सरळ वाजतो आणि मुखपृष्ठावर संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव नव्हतं, तेव्हा अमेरिकन कोर्टाने २००३ मध्ये सांगितलं की नाव लावा नाहीतर विक्री थांबवा.

तर आता तुझं काम. कंपनीला विचार, पब्लिशर कोण, त्यांना बहुतेक वेळा माहीत असतं. मग दोघांनाही ट्रॅकची लिंक पाठव, सॅम्पल किती मिनिट किती सेकंदाला येतं ते लिही, कुठे आणि किती प्रमाणात रिलीज करणार ते लिही. ते सुरुवातीला एकरकमी पैसे आणि वर टक्केवारी असं दोन्ही मागू शकतात, आणि सगळ्यांची टक्केवारी मिळून शंभरच्या वर जात नाहीये ना हे आधी कागदावर मांडून बघ, हसू नकोस, तीन-चार सॅम्पलचा ट्रॅक असेल तर खरंच तिथपर्यंत जातं. आणि हे सगळं रिलीजच्या आधी. रिलीज होऊन गाणं चाललं की मग समोरच्याचा हात वर असतो.

माझं स्पष्ट मत आहे की ही व्यवस्था छोट्या माणसाला झेपणारी नाही. डे ला सोल या हिप-हॉप बँडचा १९८९ चा पहिला अल्बम, शेकडो लोकांना ज्याने सॅम्पलिंग शिकवलं, तो स्ट्रीमिंगवर आला मार्च २०२३ मध्ये, कारण जुन्या करारांत सॅम्पल्सची डिजिटल परवानगीच नव्हती. मोठ्या बँडची ही गत. पण व्यवस्था वाईट आहे म्हणून तुझा खटला कुणी लढणार नाही, त्यामुळे दोन्ही परवानग्या घे.

प्रश्न : मग तोच तुकडा मीच गिटारवर वाजवून घेतला तर?
— शॉर्टकट शोधणारी

उत्तर : चांगला शॉर्टकट आहे, मोठे लोकही वापरतात, याला रिप्ले म्हणतात. मास्टरचा प्रश्न सुटतो कारण त्या रेकॉर्डिंगमधलं तू काहीच घेतलं नाहीस. चालीची परवानगी मात्र लागतेच. आणि हुबेहूब आवाज जमवायला निघालीस तर आठवडाभर एकाच रीव्हर्बमागे, म्हणजे आवाजाच्या घुमण्यामागे, बसशील हे सांगून ठेवतो.

प्रश्न : मी ट्रॅक फुकट टाकतो, एक रुपया कमवत नाही, खाली 'हक्क मूळ मालकाचे' असं लिहितोही. तरी अडचण?
— निःस्वार्थी

उत्तर : हो. ती ओळ म्हणजे उलट कबुली आहे की तुम्हाला माहीत होतं. डेंजर माऊस या निर्मात्याने २००४ मध्ये बीटल्सचं संगीत आणि जे-झीचा आवाज जोडून 'द ग्रे अल्बम' केला, अगदी मोजक्या प्रती काढल्या, तरी बीटल्सच्या रेकॉर्ड कंपनीची, ईएमआयची, नोटीस आलीच. पैसे कमावले नाहीत याने रक्कम कमी होऊ शकते, काही देशांत बचावालाही थोडा हातभार लागतो, पण परवानगी म्हणून ते धरता येत नाही.

प्रश्न : सर, मी पैसे भरून रॉयल्टी फ्री लूप पॅक घेतला, त्यातली एक पियानो लूप वापरली, आणि व्हिडिओ टाकल्या टाकल्या कॉपीराइट क्लेम! पैसे भरूनही चोर मीच?
— वैतागलेला

उत्तर : चोर नाही तुम्ही, पण मशीनला ते कळत नाही. होतं काय की तीच लूप आणखी शंभर जणांनी घेतलेली असते. त्यातल्या एखाद्याने ती न बदलता जशीच्या तशी आपल्या गाण्यात टाकली आणि डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे गाणी ऑनलाइन पोचवणाऱ्या कंपनीकडे, खूण करून दिली की हे कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत, घाला. झालं, त्या यंत्रणेच्या लेखी ती पियानो त्याची. खरं तर लूप पॅकच्या अटींत हे बहुतेक वेळा बंद असतं, पण अटी वाचतो कोण.

डिस्प्यूट टाका, सोबत खरेदीची पावती आणि लायसन्सचा मजकूर जोडा. आणि पुढच्या वेळी लूप उघडी नागडी सोडू नका, कापा, उलटा, सूर बदला, खाली स्वतःचं काही वाजवा. क्लेमही टळतो आणि गाणंही तुमचं वाटतं. स्वतःचा ट्रॅक डिस्ट्रिब्युटरला देताना मात्र कंटेंट आयडीच्या खुणेला हात लावू नका, नाहीतर पुढच्या महिन्यात दुसरा कुणीतरी मला तुमच्याबद्दल पत्र लिहील.

'रॉयल्टी फ्री'चा अर्थ पुन्हा पुन्हा पैसे द्यायचे नाहीत इतकाच, मालकी तुमची झाली असा नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचंही, म्हणजे मालकाने आधीच जाहीर केलेल्या खुल्या लायसन्सचंही, तसंच, सीसी झीरो असेल तर मोकळं रान, पण एनसी लिहिलं असेल तर कमाई नाही आणि एनडी असेल तर बदल करून पुढे देता येत नाही, म्हणजे सॅम्पलिंग बादच.

प्रश्न : एआयने गाण्यातून फक्त गायकाचा आवाज वेगळा काढला, मूळ संगीत शून्य. आता तर चालेल ना?
— भविष्यवादी

उत्तर : नाही. डीझर या स्ट्रीमिंग कंपनीने २०१९ मध्ये गाण्यातले आवाज वेगळे करणारं स्प्लीटर हे सॉफ्टवेअर खुलं केल्यापासून हे काम मिनिटभराचं झालंय, पण आवाज त्याच रेकॉर्डिंगमधून आला ना, मग मालक तोच. वर तो आवाज इतका ओळखीचा की 'कळणार नाही' हा शेवटचा आधारही गेला.

प्रश्न : मला एका संग्रहात एका वृद्ध बाईंनी गायलेल्या पारंपरिक अंगाईचं फार सुंदर रेकॉर्डिंग सापडलंय. त्यावर अॅम्बियंट ट्रॅक करायचाय. लोकगीत आहे म्हणजे ते कुणाच्याच मालकीचं नाही, बरोबर?
— रात्रीची श्रोती

उत्तर : अर्धं बरोबर. चाल परंपरेची असेल तर तिच्यावर कुणाचा हक्क नसेलही, पण रेकॉर्डिंग कुणीतरी कधीतरी केलंय, ते चालीइतकं जुनं नसतं. त्याच्या हक्काची मुदत देशागणिक बदलते, भारतात प्रसिद्धीनंतर ६० वर्षं, युरोपियन युनियनमध्ये साधारण ७०, अमेरिकेचं गणित आणखी वेगळं. तेव्हा आधी ते कधी प्रसिद्ध झालं ते शोध.

पण तुझ्या प्रश्नात मला कायद्यापेक्षा त्या बाई जास्त महत्त्वाच्या वाटतात. तू जे करायला निघालीयस तेच १९९२ मध्ये डीप फॉरेस्ट या फ्रेंच ग्रुपने केलं होतं. सॉलोमन बेटांवरच्या अफुनाक्वा नावाच्या बाईंची अंगाई, ह्यूगो झेम्प या संशोधकाने रेकॉर्ड केलेली, तिच्यावर सिंथ आणि ताल चढवला आणि 'स्वीट ललबाय' जगभर वाजलं, जाहिरातींतसुद्धा. अल्बमचा एकूण थाट मध्य आफ्रिकेतल्या जंगलांचा, त्यामुळे लाखो लोकांनी पॅसिफिकमधल्या त्या बाईंना आफ्रिकेतल्या समजून ऐकलं. झेम्पने पुढे यावर जाहीर आक्षेप घेतला.

एनिग्मा या ग्रुपच्या 'रिटर्न टू इनोसन्स' गाण्यामध्ये तैवानच्या आमिस जमातीच्या डिफांग आणि त्यांच्या पत्नीचा आवाज आहे. १९९६ च्या ऑलिम्पिकच्या प्रचारात ते गाणं वाजलं. त्या दोघांना ना कुणी विचारलं होतं ना कुठे नाव होतं. १९९८ मध्ये ते कोर्टात गेले आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली, पैसे मिळाले आणि नावही लागलं.

म्हणून सरळ त्या संग्रहालाच लिही. रेकॉर्डिंग कुणी केलं, बाईंचं नाव काय, त्यांचे घरचे आहेत का, गाताना त्यांनी कशासाठी होकार दिला होता, हे विचार. बऱ्याच संग्रहांच्या फाइलींत हे सगळं लिहिलेलं असतं, कुणी मागतच नाही. काही समाजांत ठरावीक गाणी बाहेरच्यांनी वापरणं चालत नाही, तसं असेल तर संग्रहवाले सांगतील आणि मग तो ट्रॅक सोडून दे, दुसरी अंगाई मिळेल. होकार आला तर बाईंचं नाव नुसतं कोपऱ्यात 'आभार' म्हणून टाकू नकोस, गायिका म्हणून लाव आणि डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममध्ये टक्केवारीच्या रकान्यातही भर. उत्तर यायला दोन-तीन महिने लागतील, तोवर ट्रॅक बाकीच्या वाद्यांवर पुढे ने आणि आवाजाचा चॅनल म्यूट करून ठेव.